नाव, नंबर आणि बिऱ्हाड

गणपतीत भाचा घरी आला होता. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष, होस्टेलवर राहतो. मोदक खाता खाता म्हणाला, "मामा, आमच्या लॅबमध्ये मी कुठल्याही मशीनवर बसलो ना, तरी माझ्याच फायली दिसतात. वॉलपेपरसुद्धा माझाच. घरी ताईच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं तर माझं काहीच नसतं. असं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर देऊन टाकलं. "अरे, रेशनकार्डासारखं असेल. पूर्वी आपलं कार्ड कोपऱ्यावरच्या त्या एकाच दुकानात चालायचं. आता म्हणे कुठंही चालतं."

गेली पंचवीस-तीस वर्षं मी नातेवाइकांना माझं काम समजावून सांगतोय. "कॉम्प्युटरमध्ये आहे" यापुढे कोणाची गाडी सरकत नाही. आणि आईनं ते एका वाक्यात संपवलं! खरंच तेवढंच आहे. माणूस एक, यंत्रं अनेक, आणि त्या प्रत्येक यंत्रानं त्याला ओळखून त्याचं सामान त्याच्याच हवाली करायचं. हे जमवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि एकदा ते असं काही बिघडवलं की अजून विसरलेलो नाही. भाच्याला त्या रात्री थोडंसंच सांगितलं, कारण आरतीची वेळ झाली होती. बाकीचं इथे लिहितोय. ब्लॉगवरच्या जाणकार मंडळींना मधला इतिहास पाठ असेल, त्यांनी तो उडी मारून ओलांडला तरी चालेल. सरांची गोष्ट मात्र वाचा.

तर सुरुवात.

अगदी आधीच्या कॉम्प्युटरांवर कोणाचं घर नव्हतंच. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, यंत्र तो खाऊन छापील कागद बाहेर टाकणार, तो घेऊन आपण चालू पडायचं. धर्मशाळेतसुद्धा रात्रभर मुक्काम करता येतो, इथे तेवढाही नाही. मग १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रणाली चालवून दाखवली. नाव सीटीएसएस. एकच यंत्र, पण अनेकजण आपापल्या टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर बसून ते एकाच वेळी वापरणार. आता एकाच्या फायली दुसऱ्याच्यात मिसळायला नकोत, म्हणून प्रत्येकाला स्वतःची डिरेक्टरी आली. आणि डिरेक्टरी आली म्हटल्यावर दाराला कुलूप हवं, म्हणून पासवर्ड आला. म्हणजे घर आणि कुलूप जुळी भावंडं आहेत.

कुलूप फोडणारा तिसरा भाऊ काही महिन्यांतच जन्मला. ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला मिळणारे यंत्राचे तास पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्यानं काय करावं? एखादी फाईल छापून हवी असेल तर तशी विनंती कार्डावर पंच करून द्यायची सोय होती. त्यानं ज्या फाईलमध्ये सगळ्यांचे पासवर्ड होते तिचंच नाव टाकून कार्ड दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांच्या ढिगातून आपला कागद उचलून आणला. कोणाला पत्ता नाही. बऱ्याच वर्षांनी त्यानंच ही गोष्ट सांगितली. पुढे याच सीटीएसएसवर एकदा उलटं झालं. दोन कारभारी एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. (हे वाचून ज्या ॲडमिन मंडळींच्या पोटात गोळा आला ती माझी माणसं!)

युनिक्स १९६९ चं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेलं. त्यात लोकांची घरं 'यूएसआर' नावाच्या डिरेक्टरीत असायची. यूएसआर म्हणजे यूजर, दुसरं काही नाही. १९७१ च्या सुमारास ते पीडीपी-११ या यंत्रावर आले. मुख्य डिस्क भरली, तेव्हा प्रणालीचे स्वतःचे प्रोग्राम जागेसाठी यूजरांच्या डिस्कवर सांडले. आणि मग पागडीच्या वाड्यात होतं तेच झालं. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा हळूहळू सगळ्या खोल्या बळकावून बसला आणि मूळ मालकाला बाहेर पडून 'होम' नावाची नवी जागा शोधावी लागली. आजही लिनक्सवर 'यूएसआर' उघडून बघा, यूजरचं त्यात काही नसतं. नाव तेवढं राहिलंय.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक छोटीशी फाईल. आम्ही तिला 'एट्सी पासवर्ड' म्हणतो. एका माणसाची एक ओळ. तीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने: नाव, पासवर्ड, नंबर, गटाचा नंबर, माणसाची माहिती, घराचा पत्ता, आणि आत शिरल्यावर कोणता प्रोग्राम चालवायचा ते. पाचव्या रकान्याचं नाव 'गेकॉस' कसं पडलं ते ऐका. बेल लॅब्जच्या लोकांना छपाईसाठी गेकॉस नावाची प्रणाली असलेल्या दुसऱ्या यंत्रांकडे काम पाठवावं लागे, तिथला आपला खातेक्रमांक ते या रकान्यात लिहून ठेवत. म्हणजे दोन वेगळ्या यंत्रांवर एकच माणूस ओळखायचा तो पहिला जुगाड! ती यंत्रं कधीच भंगारात गेली, रकान्याचं नाव कायम.

आता खरी मेख तिसऱ्या रकान्यात आहे. युनिक्सला नाव कळत नाही. त्याला फक्त नंबर कळतो. प्रत्येक फाईलवर मालकाचा म्हणून जो शिक्का असतो तो नंबराचा. तुम्ही फायलींची यादी मागितली की ते बिचारं प्रत्येक नंबर घेऊन या यादीत जातं, त्यापुढचं नाव शोधतं आणि ते तुम्हाला दाखवतं. नाव सापडलं नाही तर नुसता नंबर दाखवतं. नाव म्हणजे आपल्या सोयीसाठी लावलेली पाटी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही फाईल कोणालाही वाचता यायची. पासवर्ड त्यात सरळ लिहिलेले नसत, त्यांचं मिसळण करून टाकलेलं असे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्या मिसळणीची कृती आणि तिच्यामागची कारणं एका गाजलेल्या लेखात मांडली. (नऊ वर्षांनी, १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये, इंटरनेटवर ज्या किड्यानं हाहाकार केला आणि लोकांचे सोपे पासवर्ड ओळखत यंत्रामागून यंत्रात शिरला, तो या मॉरिससाहेबांच्या चिरंजीवांनी सोडलेला. घरोघरी मातीच्या चुली.) १९८० च्या सुमाराची बर्कलीच्या युनिक्सबरोबरची अशीच एक जुनी यादी जतन झाली होती. तिच्यातला खुद्द थॉम्प्सनचा पासवर्ड शेवटी २०१९ मध्ये कोणीतरी फोडला. निघाली काय, तर बुद्धिबळाची पहिली खेळी, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे! मला हे वाचून फार आनंद झाला होता. का, ते सांगता येत नाही.

बरं. एक यंत्र असेपर्यंत एक यादी पुरली. १९८० च्या दशकात प्रत्येकाच्या टेबलावर वर्कस्टेशन आलं आणि घोळ सुरू झाला. सन मायक्रोसिस्टिम्स १९८२ मध्ये निघाली. (चार संस्थापकांपैकी विनोद खोसलांचा जन्म पुण्याचा. पुणेकरांनी नोंद घ्यावी, घेतली असेलच म्हणा.) सननं १९८४ मध्ये एनएफएस बनवलं. घर एका सर्व्हरवर ठेवायचं आणि त्याचं दार प्रत्येक यंत्रात उघडायचं. सामान हलत नाही, दारं अनेक. त्याच्या जोडीला यादीही एकाच ठिकाणी ठेवून सगळ्यांना वाटायची सोय केली. तिचं नाव 'यलो पेजेस'. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं, म्हणून बदलून 'एनआयएस' केलं. पण आज्ञांची नावं बदलायला कोणाला वेळ होता? त्या 'वायपी'नंच सुरू होत राहिल्या.

मी १९९६ मध्ये पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कामाला लागलो तेव्हा हे सगळं तिथे होतं, आणि त्यावर आणखी बरंच. वरच्या मजल्यावर सनची यंत्रं. चित्रं काढणाऱ्यांच्या खोलीत सिलिकॉन ग्राफिक्सची दोन निळी यंत्रं, त्यांना हात लावायची कोणाला परवानगी नसे. खाली जुन्या पीसीवर पोरांनी चढवलेलं लिनक्स. आणि ऑफिसात विंडोज एनटी. सनवर घरं 'होम'मध्ये, सिलिकॉन ग्राफिक्सवर 'यूएसआर'च्या आत 'पीपल'मध्ये, विंडोजवर 'प्रोफाइल्स'मध्ये. प्रत्येक कंपनीचा मोहल्ला निराळा. शिवाय एकाच घरात दोन जातींच्या यंत्रांवरून शिरलं की नवी कटकट. सनसाठी बांधलेला प्रोग्राम सिलिकॉन ग्राफिक्सवर चालत नाही, म्हणून प्रत्येकाच्या लॉगिनच्या फाईलमध्ये 'आधी हे यंत्र कुठलं ते विचार, मग त्याप्रमाणे वाट धर' असं लिहावं लागे. दुपारी सर्व्हर अडखळला की वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पडद्यांवर एकदम 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' असा मजकूर यायचा आणि पाचव्या मिनिटाला माझ्या दारात रांग लागायची.

आता सरांची गोष्ट.

त्यांना संस्थेत सगळे नुसतं 'सर' म्हणत. भूजलाचं काम. पुरंदर आणि बारामती तालुक्यांतल्या शेकडो विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः जाऊन दोरी सोडून मोजल्या होत्या. वह्याच वह्या. त्या टाइप करून, जुन्या मापांची नवी करून, प्रत्येक विहिरीपुढे टिपण लिहून त्याचं पुस्तक करायचं असं त्यांनी शेवटच्या दोन वर्षांत मनावर घेतलं. टाइप एका बोटानं करत. १९९८ च्या जूनअखेर निवृत्ती होती, म्हणून एप्रिलपासून रात्री आठ-आठपर्यंत बसत. मी निघताना डोकावलो की म्हणत, "अरे, तू जा. दिवे मी बंद करतो."

त्यांचा नंबर होता २०४.

निवृत्त झाल्यावर ऑफिसनं मला नेहमीसारखं पत्र पाठवलं, अमुक यांचं खातं बंद करावं. मी यादीतली त्यांची ओळ काढली. घर तसंच ठेवलं. म्हटलं, सर येऊन फायली घेऊन जातील, नाहीतर सवडीनं टेपवर काढू. सवड काही झाली नाही. सर्व्हरवर सरांच्या फायलींपुढे मालकाच्या नावाऐवजी नुसता २०४ दिसत राहिला.

१९९९ च्या जानेवारीत एक नवी संशोधक विद्यार्थिनी आली. नवं खातं उघडायला मी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिचा मला जरा अभिमानच होता. नाव दिलं की बाकी सगळं ती करायची. नंबर कोणता द्यायचा? तर मोकळ्या असलेल्यांपैकी सगळ्यात लहान. म्हणजे नंबर वाया जाऊ नयेत! हजारो नंबर मोकळे पडलेले असताना ही काटकसर मला कोणी सांगितली होती देव जाणे.

तिला २०४ मिळाला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मला मात्र तीन महिने आलं नाही. त्या क्षणापासून यंत्राच्या दृष्टीनं सरांच्या सगळ्या फायली तिच्या झाल्या. प्रत्येकाला डिस्कवर २० एमबी जागा, आणि मोजणी अर्थात नंबरावरून. पहिल्या आठवड्यातच तिला 'तुमची जागा संपली' असं यायला लागलं. तिनं लॅबमध्ये विचारलं. कोणीतरी तिला एक आज्ञा शिकवली: सर्व्हरवर जिथे जिथे तुझ्या नावाच्या फायली असतील त्या शोध. तिनं शोधल्या. भलत्याच नावांच्या, विहिरीबिहिरींच्या, गेल्या वर्षीच्या तारखांच्या, पण मालक म्हणून तिचंच नाव. तिला वाटलं खात्याबरोबर काहीतरी नमुने म्हणून आले असतील. एका शनिवारी तिनं ते सगळं पुसून टाकलं. पोरगी शिस्तीची, अर्धवट काही ठेवलं नाही.

एप्रिलमध्ये सर आले. मधल्या काळात मुलीचं लग्न उरकलं होतं, घरी नवीन कॉम्प्युटर घेतला होता, फ्लॉप्यांचा डबा बरोबर आणला होता. मी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि त्यांचं घर उघडलं. घर होतं. दारावरची पाटी होती, कारण ती डिरेक्टरी ज्या मोठ्या डिरेक्टरीत बसते ती माझ्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीची, तिला ते पुसता येणं शक्यच नव्हतं. आत काही नव्हतं.

मी दुसऱ्यांदा यादी मागितली. तिसऱ्यांदा मागितली. मग मालकाचं नाव वाचलं.

बॅकअपच्या टेपा दर तीन महिन्यांनी फिरवून पुन्हा वापरायचो. जानेवारीची टेप दहा दिवसांपूर्वीच पुसली गेली होती. कपाटात एकच जुनी टेप होती, ३१ मार्च १९९८ ची, हिशेबाचं वर्ष संपलं म्हणून ऑफिसनं वेगळी ठेवायला लावलेली. तीवरून मार्चपर्यंतचं सगळं परत आलं. एप्रिल, मे, जून आले नाहीत. रात्री आठ-आठपर्यंत बसून केलेलं ते.

सरांना मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण 'सिस्टीममध्ये प्रॉब्लेम झाला' असं म्हणायचं तोंडावर आलं होतं आणि मी ते गिळलं, एवढं नक्की आठवतं. म्हटलं, "सर, तुमचा नंबर मी दुसऱ्याला दिला." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वह्या आहेत ना घरी. ये रविवारी."

मी अकरा रविवार गेलो. ते वाचून दाखवायचे, मी टाइप करायचो. काकू पोहे द्यायच्या आणि "याला सुटीच्या दिवशी कशाला राबवता" म्हणून सरांनाच रागवायच्या. त्यांना सरांनी खरं कारण सांगितलंच नव्हतं. त्या मुलीलाही मी बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तीही पुढचे दोन रविवार आली, मी किती समजावलं की तुझी काही चूक नाही तरी. आकडे सगळे परत मिळाले. पण काही विहिरींची टिपणं सरांनी वहीत न लिहिता थेट यंत्रावर केली होती: कोणाची विहीर, कोणी खणली, '७२ च्या दुष्काळात किती हात खाली गेली हे सांगणारा म्हातारा कोण. ती त्यांनी आठवून पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. तीसएक विहिरींपुढे शेवटी नुसते आकडेच राहिले.

त्या काळात मी रात्री बसून वाचायला लागलो, की बाकीच्या जगानं हे कसं सोडवलंय.

एमआयटीमध्ये १९८३ साली 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला होता. कॅम्पसभर वर्कस्टेशनं, कुठल्याही विद्यार्थ्यानं कुठेही बसावं आणि त्याला त्याचं घर मिळावं. म्हणजे भाच्याची लॅबच. तिथल्या लोकांना पहिल्यापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की टेबलावरच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही. एनएफएसमध्ये यंत्र सांगतं 'मी २०४ बोलतोय' आणि सर्व्हर 'बरं' म्हणतो. अथीनानं त्यावर उपाय म्हणून 'केर्बेरॉस' घडवलं. ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. त्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. तुम्ही कोण ते एकदा पटलं की काही तासांपुरतं तिकीट मिळतं, आणि पुढे प्रत्येक दारात ते दाखवायचं. तिकिटावर वेळ असते म्हणून सगळ्या यंत्रांची घड्याळं साधारण पाच मिनिटांच्या आत जुळावी लागतात. (आमच्या ऑफिसातली भिंतीवरचीसुद्धा जुळत नसत.) हे सगळं असं का, हे समजावायला त्यांच्यातल्या बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चक्क चार प्रवेशांचं संवादनाट्य लिहिलं. एक पात्र अथीना, दुसरं युरिपिडीज. ती उत्साहानं योजना मांडते, तो प्रत्येक वेळी भोक काढतो. माझ्या स्क्रिप्टशेजारी असा एखादा युरिपिडीज बसला असता तर...

दुसरं जे वाचलं त्यानं जरा अपमान झाला. आम्ही युनिक्सवाले विंडोजला नावं ठेवण्यात हुशार. त्यात तथ्यही होतं. एनटीवर लॉगिन केलं की तुमचं अख्खं प्रोफाइल सर्व्हरवरून त्या यंत्रावर उतरायचं आणि जाताना सगळं परत चढायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ऑफिसातल्या एकानं डेस्कटॉपवर गाण्यांचा साठा केला होता, त्याचं लॉगिन होईपर्यंत चहा पिऊन होत असे. पण १९९३ मध्ये आलेल्या या एनटीत माणसाला जो ओळखनंबर मिळतो तो लांबलचक असतो आणि एकदा दिलेला पुन्हा कोणालाही देत नाहीत. खातं पुसून त्याच नावानं नवं उघडलं तरी नंबर नवा. म्हणजे ज्याला आम्ही हसत होतो त्यानं ही एक गोष्ट बरोबर केली होती. सरांच्या फायली विंडोजवर असत्या तर त्या शनिवारी वाचल्या असत्या. हे मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही.

पुढचं भराभर सांगतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानं 'सांबा' लिहायला घेतलं होतं, पहिली आवृत्ती १९९२ ची, त्यामुळे युनिक्सवरचं घर विंडोजला दिसू लागलं. नाव त्यानं शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधून ठेवलं. (आपल्याला 'सांबार' आठवतं तो भाग वेगळा.) आम्ही ते २००० मध्ये बसवलं. दोन्हीकडची पासवर्डाची मिसळण वेगळी आणि एकीवरून दुसरी करता येत नाही, म्हणून एके दिवशी सव्वाशे लोकांना माझ्या टेबलाशी बोलावून पासवर्ड पुन्हा टाइप करायला लावले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' बाजारात आली. उघडून बघतो तर आत अथीनाचा तोच कुत्रा, आणि यादीसाठी मिशिगन विद्यापीठातून १९९३ मध्ये निघालेलं एलडॅप. भांडण ज्यांच्यात लावत होतो ते आतून एकाच पंक्तीला बसलेले.

एनएफएसची चौथी आवृत्ती आली, २००३ पर्यंत तिचा मसुदा पक्का झाला, आणि तिच्यात मालक सांगताना नंबराऐवजी नाव आणि ठिकाण पाठवायची सोय झाली. तरी कित्येक ठिकाणी आजही नुसत्या नंबरावर विश्वास ठेवून काम चालतं. सोपं पडतं ना. आणि २०२० मध्ये लिनक्सवर एक नवीन प्रकार आला, 'सिस्टीमडी-होमडी'. त्यात घर आणि घरमालकाची नोंद एकत्र बांधून कुलूप लावतात, पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या यंत्रावर न्यायचं. तिथे तो नंबर आधीच कोणाचा असेल तर या माणसाला नवीन नंबर देऊन त्याच्या फायलींवरचे शिक्के बदलून घेतात. फिरून विंचवाच्या बिऱ्हाडापाशीच आलो, फक्त विंचू शहाणा झालाय.

मी ती संस्था २००६ मध्ये सोडली. त्याआधी एनआयएस काढून एलडॅप बसवलं, तेव्हा सगळे नंबर नव्यानं द्यायचे होते. तिला नवा नंबर देऊन टाकला. सरांची ओळ मात्र पुन्हा घातली. नाव, २०४, घराचा पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात लॉगिन होऊ न देणारा प्रोग्राम. शेजारच्या पोरानं विचारलं, "सर, हे कोण? यांना तर रिटायर होऊन आठ वर्षं झाली." म्हटलं, असू दे.

सर २०११ मध्ये गेले. पुस्तक त्याआधी निघालं होतं, संस्थेनंच छापलं. माझ्याकडे त्याची प्रत आहे. आभारांत माझं आणि तिचं नाव 'संगणकलेखनासाठी' म्हणून आहे. रिकाम्या जागा असलेली पानं मी सहसा उघडत नाही.

भाच्याला जाताना सांगितलं, लॅबमध्ये लॉगिन केलंस की 'आयडी' एवढंच टाइप कर आणि काय येतं ते मला कळव. परवा त्याचा मेसेज आला. नंबर सात आकडी आहे. घर नक्की कुठल्या मशीनवर आहे ते त्याला अजून सापडलेलं नाही, शोधतोय म्हणाला.